उन्हासमोर उभं राहताना : तैलरंगातल्या निसर्गचित्रणाची प्रस्तावना

मराठी घरात निसर्गचित्र टांगलेलं असलं तर ते बहुधा जलरंगातलं असतं. वाईचा घाट, नाशिकची गोदा, पावसानंतरची ओली गल्ली, आणि उजव्या कोपऱ्यात सही. बाहेर जाऊन चित्र काढायचं म्हणजे पाण्याची बाटली, कागदाचं पॅड आणि रंगांचा डबा घेऊन निघायचं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की तैलरंग म्हणजे घरात बसून, समोर माणूस बसवून करायचं काम, असंच पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात. जलरंगातली आपली परंपरा मोठी आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण हे पुस्तक दुसऱ्या वाटेबद्दल आहे. तैलरंगाची पेटी खांद्याला लावून घाटावर, बंदरावर, सड्यावर जावं, तिथल्या उजेडासमोर उभं राहावं आणि तिथेच चित्र करावं. आपल्या हवेला आणि आपल्या उन्हाला हे माध्यम शोभतं, किंबहुना काही बाबतींत जलरंगाहून जास्त शोभतं, असं मला मनापासून वाटतं. ते का वाटतं, हे या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

बाहेर जलरंग आणि आत तैलरंग ही वाटणी आपल्याकडे कशी झाली, ते आधी पाहू. कंपनीच्या काळात इथे आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांना नकाशे आणि भूभागाची रेखाटनं करण्याचं शिक्षण मिळालेलं असे, आणि त्यासाठी सोयीचं माध्यम म्हणजे हलका, पटकन वाळणारा जलरंग. किल्ले, घाट, नद्यांचे उतार त्यांनी असेच कागदावर उतरवले. 1857 साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत तिथे पाश्चात्त्य पद्धतीचं तैलचित्रणही रुजलं, पण त्याला मागणी होती ती व्यक्तिचित्रासाठी. संस्थानिक, शेठ, न्यायमूर्ती, देणगीदार यांची पूर्णाकृती चित्रं तैलरंगात व्हायची. तैलरंगाला प्रतिष्ठा मिळाली ती दरबारात आणि सभागृहात. झाडाखाली त्याला कुणी फारसं नेलं नाही.

तरीही नेणारे होते. राजा रविवर्म्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्याचा धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा मात्र आपण विसरलो. तो स्वतः चांगला निसर्गचित्रकार होता, भावाबरोबर मुंबईत राहिला, देशभर हिंडला आणि इंग्रजीत रोजनिशी लिहीत राहिला. रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांत मागे दिसणारे डोंगर, पाणी, आभाळ यांत त्याचा मोठा हात होता. 1905 साली तो गेला, तेव्हा पंचेचाळिशीही धड उलटली नव्हती. त्याच्या पुढच्या पिढीत जे. जे.मध्ये शिकवणारे गोव्याचे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद. 1870 साली जन्मलेला हा चित्रकार व्यक्तिचित्रांसाठी गाजला, पण त्याची छोटी तैलरंगी निसर्गचित्रं पाहिली की वाटतं, याला सावलीतला उजेड कळला होता. भिंतीवर पडलेली सावली तो काळी करत नाही. तिच्यात आभाळ दिसतं.

तिसरा धागा इंदूरचा. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी तिथे चित्रकलेची शाळा चालवली, आणि त्या शाळेतून ना. श्री. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार घडले. मकबूल फिदा हुसेनही काही काळ तिथे होते. मुलांना वर्गाबाहेर काढून माळव्याच्या उन्हात उभं करायचं, हा देवळालीकरांचा आग्रह होता. जोशींची महेश्वर-ओंकारेश्वरची चित्रं पाहताना तो आग्रह डोळ्यांना दिसतो. रंगाचे जाड, ठाम थर आणि नर्मदेच्या घाटावरचं चकचकीत ऊन. पुढे 1938 नंतर नाझी राजवटीपासून निसटून वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार मुंबईत आला, टाइम्स ऑफ इंडियात कलाविभाग सांभाळू लागला, आणि झळझळीत तैलरंगांत त्याने इथली दृश्यं रंगवली. रझा, आरा या चित्रकारांच्या पिढीने त्याच्याकडून बरंच घेतलं. हे सगळे धागे सुटे सुटे राहिले, त्यांची सलग परंपरा झाली नाही, याची मला हळहळ वाटते.

आता युरोपाकडे जाऊ, कारण या पद्धतीची साधनं आणि सवयी तिथे घडल्या. बाहेर बसून तैलरंगात अभ्यास करायची चाल रंगाच्या ट्यूबच्या कितीतरी आधीची आहे. 1780च्या दशकात रोममध्ये राहणारा फ्रेंच चित्रकार प्येर-आंरी द व्हालांसिएन कागदावर तैलरंगाने छपरं, ढग, झाडं रंगवत असे. 1800 साली त्याने यथार्थदर्शनावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात निसर्गचित्रकाराला सांगितलं की, बाहेरचा अभ्यास दोन तासांच्या वर लांबवू नये, आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा असेल तर अर्ध्या तासात आटपावा. कारण तेवढ्यात उजेड बदलतो आणि चित्रात दोन वेगळ्या वेळांचं ऊन एकत्र येतं. एकच दृश्य दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी रंगवून पाहा, असंही तो सांगतो. फ्रेंच चित्रकार मोनेच्या अशाच मालिका येण्याआधी नव्वद वर्षं हे लिहिलं गेलं.

त्या काळी रंग कसे नेत? डुकराच्या मूत्राशयाच्या पातळ पिशवीत घोटलेला रंग भरून तोंड दोऱ्याने बांधत. लागेल तेव्हा टाचणीने भोक पाडायचं, रंग पिळायचा आणि भोक बुजवायचं. पिशवी फुटे, रंग वाळे, कपडे बरबटत. 1841 साली लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दबणाऱ्या नळीचं पेटंट घेतलं, आणि झाकण फिरवून पुन्हा बंद करता येणारी ट्यूब आली. त्याच शतकात नवे रंगही आले. 1802 मध्ये कोबाल्ट निळा, 1828च्या सुमारास कारखान्यात बनलेला अल्ट्रामरीन, पुढे कॅडमियम पिवळा, 1859 मध्ये व्हिरिडियन हिरवा. त्याआधी खरा अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दातून निघे आणि जपून जपून वापरावा लागे. तो स्वस्त झाला तेव्हा आभाळ आणि सावल्या मनसोक्त रंगवता येऊ लागल्या. इंप्रेशनिस्टांच्या निळ्या-जांभळ्या सावल्यांमागे त्यांची नजर आहेच, पण रंगाच्या दुकानातली ही नवी ट्यूबही आहे.

उघड्यावर केलेल्या चित्रात ती जागा अक्षरशः शिरते. मोनेने 1870च्या उन्हाळ्यात त्रुव्हिलच्या किनाऱ्यावर रंगवलेलं एक छोटं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत. व्हॅन गॉगच्या 1889च्या ऑलिव्ह वृक्षांच्या एका चित्रात, अमेरिकेतल्या कॅन्सस शहराच्या संग्रहालयात, 2017 साली सूक्ष्मदर्शकाखाली नाकतोड्याचे अवशेष सापडले. कोकणात सड्यावर काम करणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. ओल्या रंगात चिलटं, गवताची कुसं, धूळ हे सगळं येतंच. वाळल्यावर चिमट्याने काढता येईल ते काढावं. बाकीचं राहू द्यावं.

फ्रेंच पुस्तकं वाचून बाहेर पडणाऱ्या मराठी चित्रकाराची पहिली अडचण होते ती सूर्याची. पॅरिसमध्ये 21 जूनलाही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 65 अंशांच्या वर जात नाही, म्हणजे तिथे वर्षभर ऊन तिरपं असतं आणि झाडाला, भिंतीला, माणसाला सावली मिळते. मुंबईत मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, त्या दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. मार्चअखेरपासून पाऊस लागेपर्यंत सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात इथल्या दृश्यात आकार उरत नाही. सगळं वरून उजळलेलं, फिकट आणि सपाट दिसतं. इथे विद्यार्थी स्वतःला दोष देतात, की आपल्याला जमत नाही. दोष त्यांचा नसतो, घड्याळाचा असतो. डिसेंबरात मात्र मुंबईतला दुपारचा सूर्य सुमारे 48 अंशांवर असतो, साधारण पॅरिसच्या एप्रिलइतका. म्हणून मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे दिवसभर काम करता येतं, आणि चैत्र-वैशाखात पहाटे निघून नवाच्या आत पेटी मिटावी लागते.

संधिप्रकाशाचंही तसंच. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. सूर्यास्तानंतर दिव्याशिवाय काम करता येईल एवढा उजेड मुंबईत जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतो. पॅरिसमध्ये जूनमध्ये तो चाळीस मिनिटांच्या पुढे जातो. व्हालांसिएनचा अर्धा तास त्याच्या देशाचा होता. आपल्याला संध्याकाळचं आभाळ रंगवायचं तर खालचा भूभाग सूर्य असतानाच मांडून ठेवावा, पॅलेटवर आभाळाचे तीन-चार रंग आधी मिसळून ठेवावेत, आणि तो क्षण आला की फक्त ठेवावेत. या पुस्तकातला संध्याकाळवरचा भाग याच क्रमाने लिहिला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उघड्यावरच्या चित्रात सगळ्यात कठीण काय, असं विचारलं तर नवखा माणूस रंग म्हणेल. अनुभवी माणूस टोन म्हणेल, म्हणजे कशाहून काय किती उजळ आणि किती गडद. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, शेजारच्या मोकळ्या सावलीत दहा हजारांच्या आसपास, आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या खोलीत काहीशे. डोळा हे सगळं एकाच वेळी सांभाळतो. आपल्याकडचा उत्तम पांढरा रंग मात्र पडलेल्या उजेडाचा नऊदशांशच्या आसपास भाग परत देतो आणि सगळ्यात काळा रंगही तीन-चार टक्के परत देतोच. म्हणजे कॅनव्हासवर आपल्या हाती उजळ-गडदाचं अंतर आहे पंचवीस-तीस पटींचं, आणि समोर आहे शेकडो पटींचं. जसंच्या तसं उतरवणं शक्यच नाही. चित्रकाराने ठरवायचं असतं की काय सोडायचं. उन्हातली भिंत खरी दिसायला हवी तर दारातला अंधार एकसंध होऊ द्यावा. अंधारातली माणसं दाखवायची तर ऊन थोडं विझवावं. दोन्ही मिळत नाहीत. ही निवड म्हणजेच चित्र, आणि ती उन्हात उभं राहून, झपाट्याने करावी लागते.

तैलरंगाची बाजू मी घेतो ती इथे. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा. तो आधीच राखून ठेवावा लागतो आणि एकदा गेला की गेला. त्यात थरारही आहे, ते मी नाकारत नाही. तैलरंगात गडदावर उजळ ठेवता येतो. चुकलेला टोन नाइफने खरवडून काढता येतो, शेजारचा बदलला तर हा बदलता येतो. पंधरा मिनिटांत ढग सरकला आणि घाटावर ऊन आलं, तर ते ऊन ठेवायला पांढरा आणि यलो ऑकर तयार आहेत. एकमेकांवर अवलंबून असलेले चार-पाच टोन हळूहळू जुळवत नेणं, आणि तेही समोरचं दृश्य बदलत असताना, यासाठी इतकं सोशिक माध्यम दुसरं नाही.

आणखी एक साधी गोष्ट. आषाढात देवरुखला किंवा सावंतवाडीत जलरंग घेऊन बसा. पहिला वॉश तासभर वाळत नाही, कागद पोटातून ओला राहतो, आणि दुसरा थर पहिल्यात विरघळतो. तैलरंग पाण्याच्या उडून जाण्याने वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे त्याचं वजन किंचित वाढतंसुद्धा. भुरभुर आली तर थेंब रंगावर मोत्यासारखे उभे राहतात, पॅनल झटकलं की निघून जातात. पावसाळ्याचा हिरवा रंगवायचा ऋतू आणि माध्यम यांची इतकी गाठ पडलेली असताना आपण त्या चार महिन्यांत घरी का बसतो, हे मला कळत नाही. मात्र ओलसर दिवसांत वाळायला वेळ जास्त लागतो आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. त्यासाठी काय करायचं ते पुढे सविस्तर आलं आहे.

हिरव्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडची बहुतेक फसलेली निसर्गचित्रं हिरव्यात फसतात. श्रावणात डोंगर, शेत, झाड, शेवाळ सगळंच हिरवं, आणि ट्यूबमधला सॅप ग्रीन किंवा व्हिरिडियन सगळीकडे लावला की चित्र प्लास्टिकच्या टेबलक्लॉथसारखं दिसतं. मी विद्यार्थ्यांना पहिलं वर्षभर हिरव्या ट्यूबला हात लावू देत नाही. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन, आणि अनेकांना माहीत नसलेली जोडी म्हणजे पिवळा आणि आयव्हरी ब्लॅक, ज्यातून आंब्याच्या जुन्या पानांचा गंभीर हिरवा मिळतो. प्रत्येक हिरव्यात थोडा तांबडा घाला. बर्न्ट सिएना पुरतो. भाताची रोपं पिवळ्याकडे झुकतात, साग निळसर करड्याकडे, नारळाच्या झावळीवर आभाळ पडतं म्हणून तिची वरची बाजू जवळजवळ पांढुरकी निळी असते. कोकणात नशीब असं की हिरव्याच्या शेजारी जांभा दगड आणि तांबडी माती असतेच. हिरवा आणि तांबडा एकमेकांना उठाव देतात, आणि या जोडीत चित्राचं अर्धं काम निसर्गानेच करून ठेवलेलं असतं.

देशावर वेगळाच खेळ. सह्याद्री हा बेसॉल्टच्या थरावर थर बसून झालेला पर्वत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याचे माथे सपाट, अंग पायऱ्यापायऱ्यांचं. तरी मुलं डोंगर काढतात ते आल्प्ससारखे टोकदार, कारण हाताला पुस्तकातला डोंगर सवयीचा असतो. महाबळेश्वरला एखाद्या पॉइंटवर उभं राहून नीट पाहिलं तर आडव्या रेघांचा एक संथ ताल दिसतो, आणि तो पकडला की डोंगर सह्याद्रीचाच वाटतो, मग त्यात तपशील असो वा नसो. काळा दगड काळ्या ट्यूबने रंगवू नये. कृष्णेच्या घाटावरचा ओला बेसॉल्ट आभाळाचा उजेड परत फेकतो, तो निळसर करडा दिसतो. कोरडा दगड उन्हात चक्क तपकिरी-गुलाबी होतो. अंतराचंही तसंच. लांबचं सगळं निळं, हा नियम पावसानंतरच्या स्वच्छ हवेत खरा आहे. एप्रिलमध्ये हवेत धूळ भरते, मग लांबचे डोंगर निळे होत नाहीत, फिकट मळकट पिवळे होतात आणि आभाळात विरतात. नियमाच्या मागे जाऊ नका, त्या दिवशीची हवा पाहा.

साहित्याचं फार स्तोम माजवू नये. अल्ट्रामरीन, क्रिमझन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन किंवा कॅडमियम यलो, टायटेनियम व्हाइट आणि हवा तर काळा, एवढ्यावर वर्षानुवर्षं काम होतं, आणि आपल्याकडच्या कॅमलच्या ट्यूबांवर पिढ्या शिकल्या आहेत. डुकराच्या केसांचे चार-पाच चपटे ब्रश, एक नाइफ, टर्पेंटाइनची घट्ट झाकणाची बाटली, जुन्या सुती धोतराचे तुकडे. कॅनव्हास महाग वाटत असेल तर पुठ्ठ्यावर किंवा पातळ प्लायवर मांजरपाट चिकटवून त्याला अॅक्रिलिक प्रायमर द्या. सरसाचं जुनं अस्तर आपल्या दमट हवेत ओल धरतं आणि सुटतं, म्हणून किनारपट्टीवर तरी ते टाळावं. पॅनल लहान घ्या. सुरुवातीला वहीच्या पानाहून मोठं नको. आधी त्यावर पातळ बर्न्ट सिएनाचा हात फिरवून वाळवून ठेवा, म्हणजे उन्हात पांढरा पृष्ठभाग डोळ्यांवर येणार नाही आणि टोन ठरवताना मधला आधार मिळेल.

जवसाच्या तेलाबद्दल मुद्दाम सांगतो. विदर्भ-मराठवाड्यात ज्याची चटणी होते त्याच बियांचं तेल रंगात असतं, फक्त चित्रकारासाठी ते शुद्ध केलेलं असतं. तेव्हा तैलरंग हे परदेशी, अनोळखी माध्यम आहे ही भीती काढून टाका. बाहेर काम करताना खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेवा आणि वर जाल तसा तेलाचा अंश वाढवा. उलट केलं तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा हलत राहतो, आणि काही वर्षांत रंगाला तडे जातात. आणि एक जीवावरचा इशारा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन घेताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या बंद डब्यात ठेवा.

कॅनव्हासवर ऊन पडू देऊ नका, हा सल्ला मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी देतो. उन्हातल्या पॅनलवर प्रत्येक रंग खऱ्याहून उजळ दिसतो, हात आपोआप गडद मिसळतो, आणि घरी आणलेलं चित्र काळवंडलेलं निघतं. पाठीला सूर्य घेऊ नका, छत्री लावा, नाहीतर भिंतीच्या सावलीत उभे राहा. छत्री पांढरी, करडी किंवा काळी असावी. रंगीत छत्रीचा रंग पॅलेटवर उतरतो. वारा असेल तर ईझलच्या मध्ये दगडाची पिशवी टांगा. व्हॅन गॉग आर्लच्या मिस्ट्रल वाऱ्यात ईझलचे पाय खुंट्यांना बांधून काम करत असे.

आता एका वादाबद्दल. जागेवर सुरू केलेलं चित्र जागेवरच संपवायचं का? इंप्रेशनिस्टांच्या नावाने अनेकांनी याचा धर्म केला आहे. प्रत्यक्षात मोनेने रुआंच्या चर्चची तीसहून अधिक चित्रं 1892 आणि 1893 मध्ये समोर बसून सुरू केली आणि ती पुरी केली जिव्हर्नीच्या स्टुडिओत. पुष्कळांवर त्याने 1894 साल घातलं आहे. कॉन्स्टेबलचं 'हे वेन' हे 1821चं प्रसिद्ध चित्र लंडनमधल्या स्टुडिओत मोठ्या कॅनव्हासवर झालं, बाहेर केलेल्या छोट्या तैल अभ्यासांच्या आधाराने. हाच माणूस त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी हॅम्पस्टेडच्या टेकडीवर फक्त ढगांचे अभ्यास करत होता, आणि कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवत होता. आत आणि बाहेर यांत त्याला झगडा दिसला नाही.

माझं मत मात्र थोडं बाहेरच्या बाजूला झुकतं. कोरोने 1826 साली इटलीत नार्नीचा पडका रोमन पूल रंगवला. जागेवर केलेला छोटा अभ्यास लूव्रमध्ये आहे, आणि त्यावरून पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी केलेलं मोठं चित्र कॅनडात ओटावाला. मोठ्यात झाडं नीट मांडली आहेत, मेंढपाळ आले आहेत, रचना निर्दोष आहे. छोट्यात फक्त नदीचं पात्र, पुलाचे खांब आणि त्यांच्यावरचं एका विशिष्ट वेळचं ऊन. दोन्हींची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहा. मला दर वेळी छोट्यापुढे थांबावंसं वाटतं, कारण त्यातला प्रत्येक ठोकळा कोरोने डोळ्यांनी तपासून ठेवलेला आहे. त्याने स्वतः तो अभ्यास प्रदर्शनासाठी केला नव्हता. आज मात्र आपल्याला तो पूर्ण चित्रासारखा वाटतो, इतकी आपली नजर या पद्धतीने बदलली आहे. म्हणून माझा सल्ला असा की पहिली काही वर्षं जागेवरचं काम घरी आणून सुधारू नका. चुका तशाच राहू द्या. घरी नवं, मोठं चित्र जरूर करा, पण अभ्यासाला हात लावू नका. तोच तुमचा पुरावा आहे.

मागे गर्दी जमेल. गावात तर जमेलच. पोरं खांद्यापाशी येऊन उभी राहतील, कुणी आजी विचारतील, "बाळा, किती मिळतात याचे?" एखादे काका आमचं घर डावीकडे आहे, ते घ्या, असा आग्रह धरतील. पहिले काही दिवस संकोच वाटतो, हात आखडतो. पण ज्यांच्या घाटावर, शेताच्या बांधावर आपण उभे आहोत त्यांना पाहायचा हक्क आहे, असं मी मानतो. काम करता करता उत्तर द्यावं, विचारल्याशिवाय कुणाच्या आवारात शिरू नये, आणि निघताना रंगाने बरबटलेला एकही तुकडा मागे राहू देऊ नये. टर्पेंटाइन नदीत ओतणाऱ्याने नदीचं चित्र काढू नये. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत घरी न्यावं. गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ द्रव पुन्हा वापरता येतं.

या पुस्तकात छापलेली चित्रं ही केवळ ओळख आहे. छपाईत रंगाचा थर सपाट होतो आणि तैलरंगाची निम्मी भाषा थरातच असते. कुठे ब्रश घासून गेला, कुठे नाइफने ठेवलेला पांढरा उभा राहिला, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी मूळ चित्रं पाहायला जा. पणजीला फुंदासांव ओरियेंत या संस्थेकडे त्रिंदादच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे, तिथे रविवर्म्यासकट त्या काळची तैलचित्रं भिंतीवर आहेत. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात वेगवेगळी प्रदर्शनं लागतात. समोरून पाहून झालं की चित्राच्या बाजूला जा, खिडकीचा उजेड जिकडून तिरपा येतो तिकडे, आणि पृष्ठभाग पाहा. आभाळ आधी रंगवलं की झाडं आधी, पाण्यावरचा उजेड किती फटकाऱ्यांत संपवला, कुठे चित्रकार अडला आणि खरवडून पुन्हा गेला, हे तिथे वाचता येतं. सोबत वही ठेवा आणि दिसेल ते टिपून घ्या.